रविवारची सुट्टी आणि मँचेस्टरचे शेठ



दरवर्षी जून महिना आला की फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येतो. "तुम्हाला रविवारची सुट्टी कोणी मिळवून दिली माहिती आहे का? नारायण मेघाजी लोखंडे यांनी, १० जून १८९० रोजी!" खाली हात जोडलेले इमोजी आणि "अभिमान असेल तर पुढे पाठवा."

फॉरवर्ड खोटा नाही, पण अर्धाच आहे. एक तर सरकारी कचेऱ्या आणि कोर्टं रविवारी आधीपासूनच बंद असायची, साहेबाला चर्चला जायचं असायचं ना! सुट्टी नव्हती ती गिरणी कामगाराला. लोखंड्यांनी ती मिळवली, हे शंभर टक्के खरं. पण फॉरवर्डमध्ये या गोष्टीतलं दुसरं पात्र गायबच असतं. हे पात्र परळ-लालबागचं नाही. ते आहे हजारो मैलांवरच्या मँचेस्टरचं, आणि आपल्या गिरणी कामगाराला कमी तास काम असावं म्हणून तेही अगदी जीव तोडून भांडत होतं.

का? आपल्या कामगारांबद्दल त्यांना एवढा कळवळा का आला? आज तेच बघायचंय. कारण "परदेशी व्यापार आणि माणसाचे हक्क" हे भांडण आज बातम्यांमध्ये दिसतं ना, म्हणजे अमुक देशाचा माल घेऊ नका, तिथे लहान मुलं राबतात वगैरे, ते भांडण आपल्या मुंबईत दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेलंय. आणि त्यातून एक प्रश्न उरलाय, ज्याचं उत्तर आजही सोपं नाही: मदत करणाऱ्याचा हेतू स्वार्थी असेल, तर ती मदत घ्यायची की नाही?

चला, सुरुवातीपासून बघू.

गिरणी आली, भोंगा वाजला

१८५४. कावसजी नानाभाई दावर नावाच्या पारशी व्यापाऱ्याने मुंबईत कापड गिरणीची कंपनी काढली. ताडदेवला गिरणी उभी राहिली आणि १८५६ मध्ये सूत निघायला लागलं. यंत्रं इंग्लंडची, ती बसवणारे लोकही तिथलेच. पण कापूस आपला, भांडवल आपलं आणि राबणारे हातही आपले.

मग १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तोवर इंग्लंडच्या लँकेशायर भागातल्या गिरण्या मुख्यतः अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेल्या कापसावर चालायच्या. युद्धामुळे तो कापूस थांबला. मग सगळ्यांच्या नजरा हिंदुस्थानकडे वळल्या. कापसाचे भाव आभाळाला भिडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि तो फुगा फुटला, बरेच सावकार बुडाले. पण पूर ओसरल्यावर गाळ मागे राहतो, तसं काही भांडवल मागे राहिलं. त्यातून पुढच्या दहा-पंधरा वर्षांत गिरण्यांची रांग लागली.

या गिरण्यांमध्ये काम करायला कोण आलं? रत्नागिरी, सातारा, पुणे या भागातली माणसं. शेत पोटाला पुरत नव्हतं म्हणून बोटीने, चालत, रेल्वेने मुंबईला आलेली. त्यांना कामाला लावायचा जॉबर. तोच कामावर घेणार, तोच काढणार, त्याचा हात ओला करायला लागायचा.

कामाचे तास किती? उत्तर ऐका: सूर्य किती वेळ आहे तितके. तेव्हा गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. म्हणून उजाडलं की भोंगा, अंधारलं की सुट्टी. हिवाळ्यात दिवस लहान तेव्हा जरा बरं, पण उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. दुपारी जेवायला म्हणून साचे थांबत नसत. कुणीतरी आपलं यंत्र सांभाळलं तर कोपऱ्यात बसून चार घास खायचे, तेही सुताच्या धुळीत. आठवड्याची सुट्टी नाही. सणावाराला गिरणी बंद असली तरी यंत्रं पुसायला बोलावलं जायचं. पगार महिना संपल्यावर लगेच मिळेल याची खात्री नाही, कित्येक ठिकाणी तो पुढे अडकवूनच ठेवायचे, म्हणजे माणूस पळून जाऊ नये. बोट गेलं, हात गेला तर नशीब. आणि या सगळ्यात सहा-सात वर्षांची पोरंही होती.

हे सगळं खरं होतं, कोणी परदेशातून बसून रचलेलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मँचेस्टरला अचानक कळवळा का आला?

आता बोटीने लँकेशायरला जाऊ.

तिथल्या गिरणीमालकांसाठी हिंदुस्थान म्हणजे जगातलं फार मोठं गिऱ्हाईक. मुंबईच्या गिरण्या मात्र जाडंभरडं सूत आणि कापड स्वस्तात काढायला लागल्या. इथला बाजार हळूहळू खाल्लाच, वर चीनला सूत पाठवायला लागल्या आणि तिथेही लँकेशायरच्या जाड्या सुताला मागे टाकलं.

मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने, म्हणजे चेंबर ऑफ कॉमर्सने, मग दोन तक्रारी केल्या.

पहिली तक्रार जकातीची. हिंदुस्थानात येणाऱ्या विलायती कापडावर तेव्हा ५ टक्के जकात होती. सरकार ती उत्पन्नासाठी घ्यायचं. मँचेस्टर म्हणालं, ही जकात म्हणजे मुंबईच्या गिरण्यांना संरक्षण आहे, काढून टाका. १८७९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने जाड्या कापडावरची जकात काढली. तेही कधी? १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ नुकताच होऊन गेलेला, तिजोरीत खडखडाट आणि अफगाण युद्ध सुरू. त्याच्या स्वतःच्या मंडळातल्या बहुसंख्य सभासदांचा विरोध होता, तो त्याने बाजूला सारला. १८८२ मध्ये उरलेली जकातही गेली.

दुसरी तक्रार कामगारांच्या तासांची. आमच्याकडे कायद्याने तास बांधलेले आहेत, मुलांना आणि बायकांना संरक्षण आहे, त्यांच्याकडे काहीच नाही, मग ही स्पर्धा बरोबरीची कशी?

यातली गंमत कळली का? इंग्लंडमध्ये १८४७ साली दहा तासांचा कायदा झाला तेव्हा त्याला कडाडून विरोध करणाऱ्यांमध्ये लँकेशायरचे गिरणीमालकच पुढे होते. तेव्हा ते म्हणत होते, तास कमी केले तर परदेशी माल आम्हाला खाऊन टाकेल. म्हणजे स्वतःवर कायदा आला तेव्हा तो वाईट होता. तो गळ्यात पडल्यावर मात्र तोच कायदा मुंबईलाही हवा!

पण थांबा, सगळेच तसे नव्हते. लॉर्ड शाफ्ट्सबरी हे नाव ऐका. या माणसाने इंग्लंडमधल्या कामकरी मुलांसाठी आयुष्य घालवलं होतं. १८७५ मध्ये त्याने लॉर्ड्सच्या सभागृहात हिंदुस्थानातल्या गिरण्यांचा प्रश्न काढला. त्याची तळमळ खरी होती, यात शंका नको. पण त्याच शाफ्ट्सबरीने त्या काळात असंही मांडलं की तिथे कापूस आहे, स्वस्त मजूर आहेत, आणि त्यांना वाटेल तितके तास राबवून घ्यायला मोकळीक दिली तर तिथला माल इथे येऊन आपल्यालाच मात देईल. म्हणजे दया आणि धंदा एकाच भाषणात, एकाच माणसाच्या तोंडी. हे दोन वेगळे करून दाखवा म्हटलं तर आज इतिहासकारांनाही अवघड जातं.

इकडे मुंबईत काय?

१८७५ मध्येच मुंबई सरकारने चौकशीला एक कमिशन नेमलं. त्यात मालकांच्या बाजूचेच लोक जास्त, आणि बहुमताचं म्हणणं आलं की कायद्याची गरज नाही. त्याच वर्षी मालकांनी आपली संघटनाही काढली, बॉम्बे मिलओनर्स असोसिएशन.

आपल्याकडे पहिल्यांदा ठामपणे कायदा मागणारा माणूस होता सोराबजी शापुरजी बंगाली. नाव बंगाली, माणूस मुंबईचा पारशी. १८७८ मध्ये त्यांनी स्वतः कायद्याचा मसुदा तयार केला. सरकारने दाद दिली नाही, तेव्हा तो इंग्लंडमध्ये पोचवला. लगेच इकडे ओरड सुरू झाली की हा मँचेस्टरला फितूर आहे!

आणि हा आरोप करणारे फक्त मालक नव्हते. आपली बहुतेक राष्ट्रीय वर्तमानपत्रंही तेच म्हणत होती. त्यांचं म्हणणं आज ऐकलं तरी चुकीचं वाटत नाही. बघा ना, ज्या मँचेस्टरने आपली जकात काढायला लावली, तेच मँचेस्टर आता मजुरांचा पुळका घेऊन येतंय. आपला एकुलता एक आधुनिक उद्योग अजून रांगतोय, त्याच्या पायात बेडी घालायचा हा डाव आहे. गिरण्या बंद पडल्या तर मजूर खाणार काय?

या सगळ्यात एक वेगळा सूर होता. आगरकरांचा प्रभाव असतानाच्या 'मराठा' पत्राने कामगारांची बाजू घेतली आणि मालकांनी सवलती द्याव्यात असं सांगितलं. पण असे आवाज थोडे.

शेवटी १८८१ मध्ये लॉर्ड रिपनच्या काळात पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्यात काय होतं? ७ वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही. ७ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त ९ तास, मध्ये एक तास विश्रांती, महिन्याला चार सुट्ट्या. धोकादायक यंत्रांना कुंपण. १०० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांनाच लागू.

बस्स. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल एक शब्द नाही. बायकांबद्दल नाही. पगाराबद्दल तर नाहीच.

आणि सगळ्यात बोलकी गोष्ट: चहा-कॉफीचे मळे आणि निळीचे कारखाने या कायद्यातून वगळले होते. आसामच्या चहामळ्यांत मजुरांचे हाल गिरणीपेक्षा कमी नव्हते, करार मोडून पळाला तर मजुराला पकडून आणायची सोय होती. पण मळे बहुतांशी गोऱ्यांचे, आणि चहाची लँकेशायरशी स्पर्धा नव्हती. तेव्हा कळवळा नेमका मळ्याच्या वेशीपाशी संपला!

सुपारीबागेतली सभा

आता येतात नारायण मेघाजी लोखंडे.

जन्म १८४८ चा, ठाण्याचा. रेल्वेत, पोस्टात नोकरी करून ते मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. म्हणजे गिरणी त्यांनी आतून बघितलेली. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्याला सुरू केलेलं 'दीनबंधु' हे पत्र १८८० मध्ये लोखंड्यांनी मुंबईला आणलं आणि संपादक झाले.

१८८४ मध्ये सरकारने पुन्हा एक फॅक्टरी कमिशन नेमलं. आधीच्या कमिशनपुढे कोण बोललं होतं? मालक, मॅनेजर, डॉक्टर, सरकारी अधिकारी. ज्याचा हात साच्यात जातो, त्याचं म्हणणं मात्र मागेच राहिलं.

लोखंड्यांनी हे हेरलं. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा घेतली, मागण्या ठरवल्या आणि पाच हजारांहून जास्त कामगारांच्या सह्यांचा अर्ज कमिशनपुढे ठेवला. विचार करा, १८८४! काँग्रेसची स्थापनासुद्धा अजून वर्षभर लांब होती.

मागण्या काय होत्या ते नीट ऐका, कारण आजच्या भागाचा गाभा इथे आहे.

एक: दर रविवारी सुट्टी.
दोन: दुपारी अर्धा तास विश्रांती.
तीन: काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं.
चार: महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा.
पाच: काम करताना जखम झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय.

आता ही यादी १८८१ च्या कायद्याशेजारी ठेवा. कायद्यात मुलांचं वय आणि तास आहेत, ती यादी दुसऱ्या कोणीतरी केलेली. कामगार स्वतः बोलायला लागला तेव्हा त्याला वेगळंच दुखत होतं. पगार वेळेवर द्या, हात तुटला तर वाऱ्यावर सोडू नका.

लोखंड्यांना मँचेस्टरचा डाव कळत नव्हता असं नाही, सगळी वर्तमानपत्रं तेच ओरडत होती. पण त्यांची भूमिका साधी दिसते. दार कोणी का उघडेना, ते उघडलंय तोवर आपली माणसं आत घेऊन जायची. मालकांनी "हे देशाचं भांडण आहे" म्हणायचं आणि मजुराने तोवर चौदा तास राबायचं, हा सौदा त्यांना मान्य नव्हता.

दहा हजार लोक, महालक्ष्मी

पुढची पाच-सहा वर्षं तिकडून दबाव वाढतच गेला. इंग्लंडहून आणलेल्या फॅक्टरी इन्स्पेक्टरांचे अहवाल तिकडे छापून आले. १८८८ मध्ये मँचेस्टर चेंबरने ठराव केला की विलायतेतले फॅक्टरी कायदे हिंदुस्थानातल्या कापड गिरण्यांनाही लावा. मार्च १८९० मध्ये बर्लिनला कामगारांच्या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. म्हणजे विषय आता सगळ्या युरोपात गाजत होता.

लोखंड्यांनी वेळ साधली. २४ एप्रिल १८९०, महालक्ष्मीचं रेसकोर्सचं मैदान, सुमारे दहा हजार गिरणी कामगार. या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. मागणी रविवारची. आणि १० जून १८९० रोजी मिलओनर्स असोसिएशनने आठवड्याच्या सुट्टीची मागणी मान्य केली. हीच ती तारीख, तुमच्या फॉरवर्डमधली.

त्याच वर्षी सरकारने नवं कमिशन नेमलं. मुंबईतल्या चौकशीपुरतं त्यात लोखंड्यांनाही घेतलं. सहा वर्षांपूर्वी अर्ज घेऊन दारात उभा राहिलेला माणूस आता टेबलाच्या त्या बाजूला बसला!

१८९१ चा कायदा आला. आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती कायद्यात. कामाला लागायचं किमान वय ९. १४ वर्षांपर्यंत ७ तास. बायकांना ११ तासांची मर्यादा. ५० माणसांच्या कारखान्यालाही लागू.

पण पुरुष कामगारांच्या तासांना मर्यादा? अजूनही नाही. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले, तेव्हा सूर्याने घातलेली मर्यादाही गेली आणि काही गिरण्यांत रात्री उशिरापर्यंत काम चालायला लागलं. कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा आली १९११ मध्ये.

लोखंडे ते बघायला नव्हते. १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची साथ असताना लोकांसाठी काम करता करता त्याच रोगाने ते गेले. वय पन्नासही नव्हतं.

आता हिशेब करू

मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडा हवं तर.

१८८४ च्या अर्जातल्या मागण्यांपैकी सुट्टी आणि विश्रांती कायद्यात आली १८९१ मध्ये. म्हणजे ७ वर्षं.

जखमी कामगाराला भरपाई? तो कायदा आला १९२३ मध्ये. ३९ वर्षं.

पगार वेळेवर? पेमेंट ऑफ वेजेस अॅक्ट, १९३६. ५२ वर्षं! सुपारीबागेत अंगठा उठवणाऱ्या विशीतल्या पोराचा नातूही तोवर कामाला लागला असेल.

हा फरक का? सगळं श्रेय किंवा सगळा दोष एकाच कारणाला देता येणार नाही. पण एक गोष्ट डोळ्यात भरते. गिरणी जितके तास बंद राहील तितका माल कमी निघणार, आणि त्यात मँचेस्टरचा फायदा. म्हणून तासांच्या मागणीला समुद्रापलीकडून जोर मिळाला. पगार पाच तारखेला मिळाला काय आणि पंचवीसला मिळाला काय, मँचेस्टरला त्याचं सोयरसुतक नव्हतं. कामगाराला मात्र होतं, कारण मधले वीस दिवस तो व्याजाने पैसे काढून जगायचा.

थोडक्यात, व्यापाराच्या भांडणातून हक्क मिळू शकतात, मिळालेही. पण ते भांडण त्या हक्कांना स्वतःच्या मापाने कापतं. उरलेलं कापड कामगाराला स्वतःलाच विणावं लागतं.

आणि मँचेस्टरची भूतदया किती खरी, याचा पुरावा हवा असेल तर तोही आहे. १८९६ मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात बसवताना सरकारने हिंदुस्थानातल्या गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्केच कर लावला, बरोबरी राहावी म्हणून! यात मुलं नाहीत, बायका नाहीत, तास नाहीत. नुसता धंदा. हा कर हटायला १९२० च्या दशकाचा मध्य उजाडला.

तेच नाटक, नवे नट

१९१९ मध्ये पहिल्या महायुद्धानंतरच्या तहातून आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, म्हणजे आयएलओ निघाली. तिच्या घटनेच्या सुरुवातीलाच हा मुद्दा आहे: एका देशाने कामगारांना माणुसकीने वागवलं नाही, तर इतर देशांनाही सुधारणा करणं जड जातं. मँचेस्टरचीच तक्रार, पण आता सगळ्या देशांनी मिळून मांडलेली. आणि टेबलाला सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांची खुर्ची. वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेत हिंदी कामगारांच्या वतीने गेले होते मुंबईतले ना. म. जोशी.

आता थेट १९९६ ला या. जागतिक व्यापार संघटनेची सिंगापूरला बैठक. अमेरिकेसारख्या देशांचं म्हणणं, व्यापाराच्या करारात कामगारांच्या हक्कांची अट घाला. भारताचा ठाम विरोध. आपल्याकडच्या बऱ्याच कामगार संघटनांचाही विरोध. कारण? हा श्रीमंत देशांचा आमचा माल अडवायचा डाव आहे. ओळखीचं वाटतंय ना? शेवटी जाहीरनाम्यात आलं की कामगार हक्कांचा विषय आयएलओकडे राहील आणि तो संरक्षणासाठी ढाल म्हणून वापरायचा नाही.

विरोध करणाऱ्यांच्या हाताशी एक ताजं उदाहरण होतं, बांगलादेशचं. १९९२ मध्ये अमेरिकन सिनेटर टॉम हार्किन यांनी विधेयक आणलं की लहान मुलांनी बनवलेला माल अमेरिकेत येऊ द्यायचा नाही. विधेयक पास झालंच नाही. पण नुसत्या भीतीने तिथल्या कपड्यांच्या कारखानदारांनी हजारो मुलांना एका झटक्यात काढून टाकलं. ती मुलं शाळेत गेली का? युनिसेफने पुढे नोंदवलं की त्यातली कित्येक त्याहून वाईट कामांना लागली, खडी फोडायला, रस्त्यावर विकायला, काही मुली तर शरीरविक्रीत. त्या मुलांना कोणी विचारलंच नव्हतं. १९९५ मध्ये आयएलओ, युनिसेफ आणि कारखानदारांचा करार झाला, मुलांसाठी शाळा आणि थोडा भत्ता सुरू झाला, तेव्हा जरा मार्ग निघाला.

आणि तोच बांगलादेश, २०१३. ढाक्याजवळ साव्हारला राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते. खालची बँक आणि दुकानं बंद झाली, पण वरच्या शिवणकामाच्या कारखान्यांतल्या कामगारांना परत बोलावलं. ११०० पेक्षा जास्त माणसं गेली. तारीख होती २४ एप्रिल. महालक्ष्मीच्या सभेचीच तारीख, १२३ वर्षांनंतर.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. अमेरिकेने बांगलादेशची व्यापारी सवलत थांबवली, पण त्या सवलतीत तयार कपडे जवळपास नव्हतेच, तेव्हा तो बराचसा दाखवायचा बडगा होता. दुसरी गोष्ट जास्त कामाची. मोठे, मुख्यतः युरोपातले ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात इमारती आणि आगीपासूनच्या सुरक्षिततेचा करार झाला, कायद्याने बांधील असा. त्यात बांगलादेशी कामगार संघटनांच्याही सह्या होत्या. शेकडो कारखान्यांची तपासणी झाली, जिने, दारं, वायरिंग सुधारलं गेलं. पगाराचा प्रश्न त्याने सुटला नाही, पण लोक जिवंत घरी परत जायला लागले.

दोन्ही वेळा दबाव बाहेरचाच होता. फरक एवढाच, की पहिल्या वेळी मुलांच्या बाजूचं टेबलावर कोणी नव्हतं आणि दुसऱ्या वेळी कामगारांची सही कागदावर होती. म्हणजे पुन्हा सुपारीबागच!

जाता जाता

मग सुरुवातीच्या प्रश्नाचं काय? मदत करणाऱ्याचा हेतू स्वार्थी असेल तर?

मला लोखंड्यांचा रस्ता पटतो. "हा परकीयांचा डाव आहे" हे खरं असू शकतं, आणि "सात वर्षांचं पोर साच्याखाली सरपटतंय" हेही त्याच वेळी खरं असू शकतं. पहिल्या सत्याने दुसरं पुसून टाकायचं नाही. आणि कोणी परका हक्कांची भाषा बोलायला लागला म्हणून लगेच टाळ्याही वाजवायच्या नाहीत. बघायचं एवढंच: यादी कोणी केली? आणि त्या यादीतून चहामळ्यांसारखं कोण वगळलं गेलंय?

पुढच्या वेळी "अमुक देशाच्या मालावर बंदी" अशी बातमी स्क्रीनवर आली, की हे दोन प्रश्न विचारून बघा. आणि १० जूनचा तो फॉरवर्ड आला तर पुढे जरूर पाठवा, पण खाली एक ओळ जोडा: "रविवार मिळाला सात वर्षांत, वेळेवर पगार मिळायला बावन्न लागली."

तुमच्या घरात कोणी आजोबा, पणजोबा गिरणीत होते का? असतील तर त्यांच्या आठवणी आम्हाला नक्की कळवा. पगाराच्या दिवशी घरात काय व्हायचं, ते मुद्दाम विचारा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या!